मोटारगाडी दोषसंकेत-वाचक

मोटारगाडीच्या एंजिनाचे व निष्कास वायूंचे नियमन करणाऱ्या संगणकाने स्वतःच्या स्मृतीत नोंदून ठेवलेले बिघाडांचे संकेत बाहेर काढून ते वाचता येतील अशा रूपात दाखविणारे साधन. गॅरेजमध्ये यालाच ‘स्कॅनर’ म्हणतात. हे साधन बाजारात तयार मिळते. परंतु त्याची संदेशभाषा प्रमाणित व प्रसिद्ध असल्यामुळे इलेक्ट्रॉनिकीची सामान्य ओळख असलेल्या व्यक्तीस ते घरीही बनविता येते. त्याचा उपयोग करताना एक गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे असते. दोषसंकेत हे बिघडलेल्या भागाचे नाव नसून, कोणत्या विद्युत् मंडलात अपेक्षेबाहेरचे मूल्य आढळले याची ती केवळ नोंद असते. हा भेद न समजल्याने चांगले भाग काढून टाकले जातात व मूळ दोष तसाच राहतो.

इतिहास : कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या एंजिनात इंधनाचे प्रमाण यांत्रिक रीतीने ठरत असे व बिघाड शोधण्याचे काम कारागिराच्या कानावर व अनुभवावर अवलंबून असे. इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण आल्यावर तापमान, हवेचा प्रवाह, निष्कासातील ऑक्सिजन इत्यादींचे संवेदक आणि त्यांच्याकडून येणाऱ्या माहितीवरून इंधनाचे प्रमाण ठरविणारा नियंत्रक (व्यवहारातील ईसीयू) गाडीत आले. नियंत्रकाला आपल्या संवेदकांवर लक्ष ठेवणे शक्य असल्याने दोष नोंदविण्याची सोयही त्यातच करण्यात आली. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या १९८० नंतरच्या दशकातील गाड्यांत एका जोडणीतील दोन अग्रे तारेने जोडली की, फलकावरील इशारादिवा मोजून लुकलुकत असे. एकदा लुकलुकून थांबल्यावर पुन्हा दोनदा लुकलुकला, तर तो संकेत १२. तारेचा हा तुकडा हाच पहिला घरगुती वाचक होय.

प्रत्येक कंपनीची जोडणी व संकेत निराळे असल्यामुळे स्वतंत्र गॅरेजांची अडचण होत असे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वायुसंपदा मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीत दोषनिदान व्यवस्था सक्तीची केली. पुढे जोडणी, संदेश व संकेत या तिन्हींचे प्रमाणीकरण होऊन १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व अमेरिकेत दुसऱ्या पिढीची व्यवस्था (ओबीडी-२) आवश्यक ठरली. यूरोपीय संघाने २००१ पासून पेट्रोल गाड्यांना असाच नियम लावला. यामागील हेतू दुरुस्ती सुलभ करणे हा नसून वायुप्रदूषण रोखणे हा होता. म्हणूनच प्रमाणित संकेतांचा मुख्य भाग एंजिन व निष्कास यांच्याशी संबंधित आहे.

भारतात अंतःक्षेपणाच्या मोटारगाड्यांचा प्रसार इ. स. २००० च्या सुमारास झाला. भारत स्टेज ४ ही मानके १ एप्रिल २०१० पासून प्रथम १३ शहरांत लागू झाली; त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही होती. त्यांबरोबर दोषनिदान व्यवस्थेचा पहिला टप्पा व एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आवश्यक झाला. ही मानके १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशात व भारत स्टेज ६ ही १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. नंतरच्या मानकांत दुचाकी वाहनांनाही अशी व्यवस्था लागते. वाहनांच्या मानकांशी संबंधित चाचण्यांचे एक मुख्य केंद्र म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली, पुणे येथील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था होय. टप्प्याटप्प्याने झालेल्या या अंमलबजावणीमुळे २०१७ पूर्वीच्या भारतीय गाडीत सॉकेट दिसले, तरी ती गाडी प्रमाणित भाषेत उत्तर देईलच असे नाही. वाचक बनविण्यापूर्वी गाडी कोणत्या मानकाची आहे हे नोंदणीपत्रावरून पाहणे इष्ट असते.

जोडणी व संदेशवहन : प्रमाणित सॉकेट समलंब चौकोनी आकाराचे, १६ पिनांचे असून ते चालकाच्या पुढील फलकाखाली असते. समोरून पाहता वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८ व खालच्या रांगेत ९ ते १६ असे क्रमांक येतात. चौथी पिन गाडीच्या सांगाड्याशी व पाचवी संदेशाच्या भूमीशी जोडलेली असते. सोळावीवर विद्युत् घटमालेचा धन दाब सदैव असतो. जुन्या गाड्यांत सातव्या पिनेवरील ‘के-लाइन’ या एकाच तारेतून संदेश जातात. त्यांचा वेग दर सेकंदास १०,४०० बिट असतो. नव्या गाड्यांत सहाव्या व चौदाव्या पिनांवरील दोन तारांची ‘कॅन’ ही पद्धती असते. ती बॉश या जर्मन कंपनीने विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली. मोटारगाड्यांच्या दोषनिदानासाठी तिचा वेग दर सेकंदास २५० किंवा ५०० किलोबिट असतो. संदेश नसताना दोन्ही तारा सु. २.५ व्होल्टवर असतात. संदेशाच्या वेळी एक सु. ३.५ पर्यंत चढते व दुसरी सु. १.५ पर्यंत उतरते. ग्राहक मंडल दोहोंमधील फरकच वाचत असल्यामुळे ज्वलनठिणगीने निर्माण होणारा विद्युत् कोलाहल दोन्ही तारांवर सारखा येऊन निष्प्रभ होतो.

संकेताची घडण : प्रत्येक संकेतात एक अक्षर व चार अंक असतात. ‘पी’ हे अक्षर एंजिन व गतिप्रेषणासाठी, ‘सी’ ब्रेक इत्यादी तळसांगाड्याच्या व्यवस्थांसाठी, ‘बी’ कायेसाठी व ‘यू’ नियंत्रकांमधील संदेशवहनासाठी असते. पहिला अंक ० असल्यास संकेताचा अर्थ सर्व कंपन्यांत समान असतो. १ असल्यास तो त्या कंपनीपुरता असतो. उदा., पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकणे, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडणे, पी ०४२० म्हणजे उत्प्रेरक परिवर्तकाची कार्यक्षमता घटणे.

नियंत्रक हा संकेत दोन बाइटांत पाठवितो. पहिल्या बाइटातील आरंभीचे दोन बिट अक्षर ठरवितात (०० म्हणजे पी, ०१ म्हणजे सी, १० म्हणजे बी, ११ म्हणजे यू). पुढील दोन बिट पहिला अंक व उरलेले बारा बिट चार-चारांच्या गटांनी शेवटचे तीन अंक देतात. ०१ १८ हे दोन बाइट द्विमान पद्धतीत ०००० ०००१ ०००१ १००० असे होतात व त्यांपासून पी ०११८ हा संकेत मिळतो. घरगुती वाचकातील आज्ञावलीचे निम्मे काम या उलगड्याचेच असते.

दोष प्रथम आढळताच नियंत्रक बहुतेक वेळा त्याची प्रलंबित म्हणून नोंद करतो. पुढील फेरीतही तो आढळला तर दोष निश्चित धरून इशारादिवा लावतो व त्या क्षणीचे एंजिनाचे फेरे, तापमान, भार इ. मूल्येही गोठवून ठेवतो. ही गोठविलेली मूल्ये संकेताइतकीच मोलाची असतात. कारण दोष चढावावर आला की थंड एंजिनात आला, हे त्यांवरून कळते.

घरगुती वाचकाची बांधणी : वाचकाचे चार भाग असतात : वीजपुरवठा, तारांशी जुळविणारे मंडल, सूक्ष्मनियंत्रक आणि दर्शक.

(१) वीजपुरवठा : गाडीचा विद्युत् दाब एंजिन बंद असताना सु. १२.५ व चालू असताना सु. १४ व्होल्ट असतो. घटमालेची जोडणी सैल झाल्यास तो क्षणभर कितीतरी अधिक चढू शकतो. म्हणून सोळाव्या पिनेपासून निघणाऱ्या तारेत प्रथम अर्ध्या ते एका अँपिअरची वितळतार, नंतर उलट जोडणीपासून रक्षण करणारा द्विप्रस्थ, दाबाचे उच्चांक शोषणारा द्विप्रस्थ व शेवटी ५ व्होल्टचा नियामक असा क्रम ठेवतात. वितळतार वगळणे धोक्याचे आहे. या पिनेवर चावी बंद असतानाही दाब असतो व मंडलसंक्षेप झाल्यास तार तापून पेट घेऊ शकते.

(२) जुळणी मंडल : के-लाइनवर १२ व्होल्टचे संकेत असल्याने ते सूक्ष्मनियंत्रकाच्या ५ व्होल्टशी जुळवावे लागतात. त्यासाठी एल ९६३७ सारखे संकलित मंडल किंवा दोन ट्रँझिस्टर पुरतात; तारेला ५१० ओहमच्या रोधकातून घटमालेच्या धन दाबाशी जोडतात. कॅनसाठी एमसीपी २५१५ हा नियंत्रक व एमसीपी २५५१ किंवा टीजेए १०५० हा प्रेषग्राही अशी जोडी वापरतात. ईएसपी-३२ या सूक्ष्मनियंत्रकात कॅन नियंत्रक अंगभूत असल्याने त्याला ३.३ व्होल्टचा प्रेषग्राही तेवढा लागतो. बाजारातील तयार कॅन पट्ट्यांवर बहुधा १२० ओहमचा अंत्यरोधक असतो. तो काढणे आवश्यक आहे. गाडीतील तारांच्या दोन टोकांना असे दोन रोधक आधीच असल्यामुळे सहाव्या व चौदाव्या पिनांमध्ये सु. ६० ओहम मिळतात. तिसरा रोधक जोडल्यास ते ४० ओहमवर येऊन संदेशांची पातळी उतरते. चावी बंद करून काही मिनिटांनी हा रोध मोजणे ही वाचक जोडण्यापूर्वीची पहिली चाचणी होय.

प्लगला डाख देताना होणारी नेहमीची चूक म्हणजे उलटे क्रमांक. सॉकेटचे क्रमांक समोरून मोजलेले असतात आणि प्लगची डाख देण्याची बाजू मागची असते. चौथ्या व सोळाव्या पिनांमधील दाब प्लग लावण्यापूर्वी मापकाने पडताळून घेतात.

(३) आज्ञावली : संदेश षोडशमान पद्धतीत लिहितात, त्यात १० ते १५ यांसाठी रोमन अक्षरे वापरतात व येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कॅन पद्धतीत वाचक ७डीएफ या पत्त्यावर प्रश्न पाठवितो व एंजिन नियंत्रक ७ई८ वर उत्तर देतो; काही गाड्यांत याहून लांब, २९ बिटांचे पत्ते असतात. शीतक द्रवाचे तापमान विचारणारा प्रश्न ०२ ०१ ०५ असा असतो. त्यात ०२ ही पुढील बाइटांची संख्या, ०१ ही ‘चालू मूल्ये’ ही सेवा व ०५ हा तापमानाचा क्रमांक होय. ०३ ४१ ०५ ७८ असे उत्तर आल्यास ४१ ही सेवेची पोच असून ७८ म्हणजे दशमान १२० होतात. त्यांतून ४० वजा करता तापमान ८०° से. येते. फेऱ्यांसाठी क व ख असे दोन बाइट येतात व (२५६ क + ख) ÷ ४ या सूत्राने दर मिनिटाचे फेरे मिळतात.

साठविलेल्या संकेतांसाठी ०१ ०३ एवढाच प्रश्न पुरतो. दोनपर्यंत संकेत एका संदेशात मावतात. अधिक असल्यास नियंत्रक पहिला भाग पाठवून थांबतो व वाचकाने ३० ०० ०० हा ‘पुढे चालू’ असा संदेश दिल्यावरच उरलेले भाग पाठवितो. ही पायरी आज्ञावलीत नसेल, तर वाचक एक-दोन दोषांच्या गाडीवर नीट चालतो व अनेक दोषांच्या गाडीवर मुका होतो. प्रलंबित संकेतांसाठी ०७ व गोठविलेल्या मूल्यांसाठी ०२ ही सेवा असते. के-लाइनवर प्रथम नियंत्रकाला जागे करावे लागते. एका पद्धतीत ३३ हा पत्ता दर सेकंदास ५ बिट इतक्या संथ गतीने पाठवितात; दुसऱ्या पद्धतीत तार २५ मिलिसेकंद खाली व २५ मिलिसेकंद वर ठेवून आरंभसंदेश देतात.

हे सर्व काम एकाच संकलित मंडलात करणारे ईएलएम-३२७ हे कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे उत्पादन होते. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. त्याच्या नकला मात्र बाजारात पुष्कळ आहेत व त्यांपैकी काहींत पुढील भागांचे संदेश हाताळण्याची सोय सदोष असते. स्वतः बांधलेल्या वाचकाचा लाभ असा की, संकेतामागील मूळ बाइटही पाहता येतात.

किनारी हवेतील उदाहरण : रायगड जिल्ह्यातील मुरुड हे अलिबागच्या दक्षिणेस सु. ५० किमी. वर, अरबी समुद्राकाठी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावी किनाऱ्यालगतच्या वाडीत उभ्या असणाऱ्या गाडीवर लाटांच्या तुषारांतील मिठाचे सूक्ष्म कण सतत बसतात. मीठ हवेतील आर्द्रता शोषून घेते, धातूवर विद्युत् वाहक द्रवाचा पातळ थर तयार होतो आणि जोडण्यांतील कथिलाचा मुलामा व त्याखालील तांबे यांचे संक्षारण होते. गाडी बरेच दिवस न हलता उभी राहिली तर हा थर वाळण्यास एंजिनाची उष्णताही मिळत नाही. त्यामुळे किनारी भागात संवेदकापेक्षा त्याची जोडणी आधी बिघडण्याचा संभव अधिक असतो.

शीतकाच्या तापमानाचा संवेदक हा थर्मिस्टर असून तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. नेहमीच्या एका प्रकारात तो २०° से. ला सु. २,५०० ओहम, तर ८०° से. ला सु. ३०० ओहम असतो. नियंत्रक ५ व्होल्टचा दाब एका स्थिर रोधकातून संवेदकाला देतो व मधल्या बिंदूचा दाब वाचतो. हिरवट क्षाराने जोडणी पूर्ण तुटली, तर दाब ५ व्होल्टवर चढतो, तापमान –४०° से. दिसते व पी ०११८ हा संकेत नोंदला जातो. कोकणातील एंजिनाचे तापमान –४०° से. असणे अशक्य असल्याने हे मूल्य मंडल तुटल्याची खूण ठरते. दोन अग्रांमध्ये खारे पाणी साचून ती परस्परांस जोडली गेली, तर उलट पी ०११७ हा संकेत येऊ शकतो.

याहून फसवी स्थिती अर्धवट संक्षारणाची असते. जोडणीत ७०० ओहमचा जादा रोध आला असे मानल्यास ८०° से. वरील एंजिनाचा एकूण रोध १,००० ओहम होतो व नियंत्रकाला ते सु. ४५° से. भासते. एंजिन थंड आहे असे समजून तो इंधन अधिक सोडतो. इंधनाचा खप वाढतो, धूर काळसर होतो व शीतनाचा पंखा उशिरा लागतो. मूल्य मर्यादेत असल्याने काही काळ संकेत मुळीच नोंदला जात नाही. येथे वाचकातील चालू मूल्ये उपयोगी पडतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी एंजिन सुरू करण्यापूर्वी शीतक व आत येणारी हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी असली पाहिजेत. हवा २८° व शीतक २०° असे आढळल्यास त्या मंडलात जादा रोध असल्याचा संशय घ्यावा.

पी ०११८ आल्यावर संवेदक बदलण्यापूर्वी सोपी चाचणी करतात. चावी चालू ठेवून, एंजिन न चालविता, दोन तारांच्या या संवेदकाची जोडणी काढून तिची दोन अग्रे तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडतात. वाचकावर तापमान –४०° वरून एकदम शंभराच्या वर गेले, तर तारा व नियंत्रक ठीक असून दोष संवेदकात किंवा त्याच्या अग्रांवर आहे. ते –४०° वरच राहिले, तर तार तुटली आहे किंवा पुढील जोडणी खराब आहे. उंदरांनी तारा कुरतडल्यानेही अशीच स्थिती येते. तीन तारांच्या संवेदकांवर ही चाचणी कधीही करू नये. दोष जोडणीत आढळल्यास विद्युत् जोडण्यांसाठीचा स्वच्छक वापरून, ती पूर्ण वाळवून व रबरी झडप नीट बसवून बहुधा काम भागते. अधिकृत सेवाकेंद्र दूर असलेल्या गावी या काही मिनिटांच्या चाचणीने अनावश्यक भागाचा खर्च व गाडी ओढून नेण्याचा खटाटोप टळतो.

मर्यादा व दक्षता : प्रमाणित वाचक एंजिन व निष्कास यांच्यापलीकडे फारसे पाहू शकत नाही. हवापिशव्या व अडखळरोधी ब्रेक यांचे संकेत वाचण्यास बहुधा कंपनीची स्वतंत्र भाषा लागते. त्या मंडलांवर घरगुती प्रयोग करू नयेत. हवापिशवीच्या मंडलातील चुकीचा दाब स्फोटक भाग पेटवू शकतो. कॅनवर चुकीच्या वेगाने संदेश पाठविल्यास इतर नियंत्रकांचे बोलणे खंडित होते. म्हणून आरंभी वाचक श्रवणमात्र स्थितीत ठेवतात व चाचण्या उभ्या गाडीतच करतात. काम झाल्यावर प्लग काढून ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा घटमाला हळूहळू उतरते.

संकेत पुसणारी ०४ ही सेवा विशेष जपून वापरावी लागते. तिच्यामुळे दिवा विझतो. परंतु दोष जात नाही, गोठविलेली मूल्ये नष्ट होतात व नियंत्रकाच्या स्वयंचाचण्या पुन्हा आरंभापासून सुरू होतात. संकेत व मूल्ये कागदावर उतरवून, दुरुस्ती झाल्यावरच पुसणे योग्य होय. दुरुस्ती खरी असेल, तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर नियंत्रक दिवा आपोआपही विझवितो. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर ज्वलन गंभीररीत्या चुकत असून न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तक तापवून निकामी करण्याची भीती असते. अशा वेळी गाडी थांबविणे हाच उपाय असतो.

काही अलीकडच्या गाड्यांत सॉकेट व आतील तारा यांमध्ये संदेश पारखणारे द्वारमंडल असते व ते अनोळखी संदेश अडविते. तथापि निष्कासविषयक प्रमाणित सेवांना ते उत्तर देते. त्यामुळे सामान्य दोषशोधनासाठी घरगुती वाचकाची उपयुक्तता कायम आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांना निष्कास नसल्याने हे संकेत त्यांना पूर्णतः लागू पडत नाहीत आणि त्यांतील उच्च विद्युत् दाबामुळे त्या घरगुती प्रयोगांच्या कक्षेबाहेर ठेवणे श्रेयस्कर असते.